श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात गरम आमटी : प्लॅस्टिकमधून अन्नात काय उतरते?

अबोली :

सणासुदीला आणलेल्या श्रीखंडाचे डबे आपल्याकडे सहसा टाकले जात नाहीत. ते धुऊन फडताळात जातात आणि पुढे कित्येक महिने त्यांत कधी उरलेली आमटी, कधी खोबऱ्याची चटणी, तर कधी शेजारी पाठवायची गरम खीर भरली जाते. काटकसरीची ही सवय चांगलीच आहे आणि तिला नावे ठेवण्यासाठी हा धागा काढलेला नाही. मात्र त्या डब्याची निवड झाली होती ती फ्रिजमधल्या, थोड्या दिवसांत संपणाऱ्या थंड श्रीखंडासाठी. उकळत्या, तेलाचा तवंग असलेल्या आमटीसाठी त्याचा विचारच कोणी केलेला नसतो. प्लॅस्टिकच्या भांड्यांची चर्चा निघाली की ‘चांगले प्लॅस्टिक कोणते आणि वाईट कोणते’ या प्रश्नावरच ती अडकते. माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. कोणते अन्न, किती गरम, किती तेलकट, किती आंबट आणि किती वेळ, हे सांगितल्याशिवाय कोणत्याही डब्याला सुरक्षित किंवा असुरक्षित म्हणता येत नाही.

प्लॅस्टिक म्हणजे अतिशय लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. या साखळ्या इतक्या मोठ्या असतात की त्या स्वतः अन्नात विरघळत नाहीत. उतरतात ते त्या गुंत्यात अडकलेले छोटे रेणू : साखळी जोडताना शिल्लक राहिलेले मूळ घटक, अर्धवट जोडले गेलेले तुकडे, प्लॅस्टिक हवेने आणि उष्णतेने खराब होऊ नये म्हणून घातलेले अँटिऑक्सिडंट, पीव्हीसी लवचीक व्हावे म्हणून घातलेली थॅलेट, रंग आणि वंगणे. शिवाय निर्मितीच्या ओघात नकळत तयार होणारे काही पदार्थ असतात, ज्यांची पूर्ण यादी उत्पादकाकडेही नसते. साधारणपणे १००० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) कमी रेणुभाराचे पदार्थच आतड्यातून शोषले जातात असे मानतात, त्यामुळे तपासणीचा रोख त्यांच्यावर असतो.

हे रेणू ये-जा करतात याचा पुरावा प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात आहे. पॉलिप्रोपिलीनच्या पांढऱ्या डब्यात रस्साभाजी रात्रभर राहिली की डबा पिवळा होतो आणि कितीही घासला तरी तो रंग निघत नाही. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळते. तेलाबरोबर ते प्लॅस्टिकला भिडते आणि साखळ्यांमधल्या मोकळ्या जागांत शिरते. घासणी वरवर फिरते, रंग आत मुरलेला असतो. तोच डबा उन्हात ठेवला की पिवळेपणा हळूहळू ओसरतो, कारण कर्क्युमिन प्रकाशाने मोडते. ज्या वाटेने कर्क्युमिन आत शिरले, त्याच वाटेने प्लॅस्टिकमधले छोटे रेणू बाहेर येऊ शकतात. डबा पिवळा झाला म्हणजे विषारी झाला, असा याचा अर्थ मुळीच नाही. वाट खुली आहे, एवढेच तो दाखवतो.

ही वाट किती रुंद होते ते मुख्यतः तापमानावर ठरते. पेटच्या (पाण्याच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकच्या) पारदर्शक बाटलीत कढत पाणी ओतले की ती आक्रसते, कारण साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे पेटच्या साखळ्या सैल पडू लागतात. पॉलिप्रोपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून गरम वरणाने त्याचा आकार बदलत नाही. परंतु कोशिंबिरीवर चरचरीत फोडणी ओतताना मोहरी तडतडण्याइतके तापलेले तेल त्या तापमानाच्या जवळपास असते, आणि कोशिंबीर प्लॅस्टिकच्या वाडग्यात असेल तर जिथे फोडणी पडते तिथे वाडगा खडबडीत झालेला पुष्कळांनी पाहिला असेल. तेलाचा दुहेरी परिणाम होतो. एक तर ते पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तापते, आणि दुसरे म्हणजे प्लॅस्टिकमधले बहुतेक छोटे रेणू तेलातच सहज विरघळतात.

नीलमोहर :

लेख आवडला. मी आजवर डब्याच्या तळाचा त्रिकोणातला आकडा पाहून ५ असेल तर निर्धास्तपणे वापरत आले आहे. शिवाय ‘मायक्रोवेव्ह सेफ’ असे लिहिलेले असेल तर त्यातच भाजी गरम करते. हे दोन्ही संकेत पुरेसे नाहीत का?

अबोली :

नीलमोहर, तो आकडा १९८८ मध्ये अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने पुनर्वापरासाठी वर्गवारी सोपी व्हावी म्हणून सुरू केला. १ म्हणजे पेट, २ म्हणजे जास्त घनतेचे पॉलिथिन, ३ पीव्हीसी, ४ कमी घनतेचे पॉलिथिन, ५ पॉलिप्रोपिलीन, ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे उरलेले सर्व, ज्यात पॉलिकार्बोनेट हे कडक पारदर्शक प्लॅस्टिकही येते. डबा कोणत्या जातीच्या प्लॅस्टिकचा आहे, एवढेच त्यावरून कळते. त्यात कोणता रंग घातला, माल नवा होता की पुनर्वापरातला, आणि कोणत्या अन्नासाठी त्याची चाचणी झाली, यांपैकी काहीही त्यातून समजत नाही. तरीही तळ पाहण्याची तुमची सवय सोडू नका. ६ दिसला तर तो डबा गरम आणि तेलकट पदार्थांपासून दूर ठेवावा हे नक्की. पॉलिस्टायरीनमधून उतरणाऱ्या स्टायरीनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले आहे.

‘मायक्रोवेव्ह सेफ’ या शब्दांचा भर भांडे तडकणार किंवा वितळणार नाही यावर असतो. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये पॉलिप्रोपिलीनचे डबे मायक्रोवेव्हमध्ये तापवले, तेव्हा तीन मिनिटांत पृष्ठभागाच्या एका चौरस सेंटिमीटरमधून ४२ लाखांपर्यंत सूक्ष्म कण आणि २११ कोटींपर्यंत अतिसूक्ष्म कण बाहेर पडल्याचे आढळले. कण सुटणे आणि रसायन उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये. परंतु उष्णता दोन्हींना चालना देते. भाजी काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढून तापवायला अर्धे मिनिट जास्त लागते, आणि तेवढे केले की हा प्रश्नच उरत नाही.

मापनकाटा :

पॅकेजिंगच्या तपासणी प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे ‘चाचणी होते’ म्हणजे प्रत्यक्षात काय होते ते सविस्तर लिहितो.

आपल्याकडे ही चाचणी भारतीय मानक ९८४५ प्रमाणे होते. खऱ्या आमटीत किंवा लोणच्यात शोध घेणे फार किचकट असते, म्हणून अन्नाच्या जागी त्याच्यासारखे वागणारे द्रव वापरतात : पाणीदार पदार्थांसाठी ऊर्ध्वपातित पाणी, आंबट पदार्थांसाठी ३ टक्के ॲसेटिक आम्ल, मद्यासाठी त्याच्या तीव्रतेनुसार १० किंवा ५० टक्के इथेनॉल, आणि तेलकट पदार्थांसाठी एन-हेप्टेन. तापमान आणि कालावधी वस्तूच्या अपेक्षित वापरानुसार ठरतात. दीर्घकाळ साठवणीच्या वस्तूसाठी ४० अंशांवर १० दिवस ही नेहमीची अट असते. त्यानंतर तो द्रव आधी तोललेल्या बशीत आटवायचा आणि तळाशी जे उरेल ते सूक्ष्म तराजूवर तोलायचे. बहुतेक वेळा बशी डोळ्यांना कोरी दिसते. कधी कधी कडेला धुरकट, किंचित तेलकट वलय उमटते आणि तेवढेच वलय तराजूवर काही मिलिग्रॅम भरते.

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार हा एकूण अवशेष अन्नाच्या एका किलोमागे ६० मिलिग्रॅम किंवा प्लॅस्टिकच्या एका चौरस डेसिमीटरमागे १० मिलिग्रॅम या मर्यादेत हवा, आणि रंग उतरलेला दिसता कामा नये. युरोपीय संघातही हेच दोन आकडे आहेत. त्यांचा परस्परसंबंध लक्षात घेण्यासारखा आहे. १० सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्यात एक लिटर, म्हणजे ढोबळमानाने एक किलो अन्न मावते आणि त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस डेसिमीटर होतात. दहाला सहाने गुणले की साठ. आता प्रवासात मिळणारी लोणच्याची पुडी घ्या. पाच बाय पाच सेंटिमीटरच्या पुडीत १० ग्रॅम लोणचे धरले, तर आतल्या दोन्ही बाजू मिळून अर्धा चौरस डेसिमीटर भरतो. एक किलो लोणच्याच्या शंभर पुड्यांचे मिळून ५० चौरस डेसिमीटर झाले, म्हणजे त्या आदर्श घनाच्या आठपटीहून अधिक. पुडी जितकी लहान, तितका अन्नाचा प्लॅस्टिकशी संबंध अधिक, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. अवशेषाचे वजन कळते, त्यात काय काय आहे ते कळत नाही. आटवताना उडून जाणारे पदार्थ तराजूवर येतच नाहीत. म्हणून काही पदार्थांसाठी स्वतंत्र मर्यादा ठरवाव्या लागतात. २०१८ च्या नियमांत अँटिमनीसाठी किलोमागे ०.०४ मिलिग्रॅम आणि डीईएचपी या थॅलेटसाठी १.५ मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. मुख्य मुद्दा अबोलीताईंनी मांडलाच आहे : ही सारी तपासणी अपेक्षित वापरापुरती असते. श्रीखंडाचा डबा उत्तीर्ण झाला तो श्रीखंडाच्या परीक्षेत. घरी आपण त्यात आमटी भरतो, तेव्हा त्या वापराची चाचणी कोणीच केलेली नसते.

सह्यवारा :

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. आजची उपकरणे ग्रॅमचा अब्जावा भागही मोजतात, त्यामुळे शोधले तर काही ना काही सापडणारच. सापडणे आणि अपाय होणे यांत मात्रेचे अंतर असते. २०२४ मध्ये काळ्या प्लॅस्टिकच्या कालथ्या-पळ्यांमधल्या ज्वालारोधक रसायनांविषयीचा अमेरिकेतील एक शोधनिबंध जगभर गाजला आणि अनेकांनी घरातल्या वस्तू फेकून दिल्या. त्यात ६० किलो वजनाच्या माणसाची सुरक्षित मर्यादा काढताना ७,००० ला ६० ने गुणून ४,२०,००० ऐवजी ४२,००० नॅनोग्रॅम लिहिले गेले होते. डिसेंबरमध्ये दुरुस्ती प्रसिद्ध झाली, पण तोवर बातमी सर्वत्र पसरली होती. भीती पसरवणाऱ्या मजकुरावर विश्वास ठेवण्याआधी आकडे तपासले गेले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

अबोली :

सह्यवारा, आपला आक्षेप रास्त आहे. ते आकडे दहापटीने चुकले होते हे खरे. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे काळे प्लॅस्टिक पुनर्वापरातून स्वयंपाकघरात येते, हे त्या निबंधातले मूळ निरीक्षण मात्र दुरुस्तीनंतरही कायम राहिले. मात्रेचा मुद्दा बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए या पॉलिकार्बोनेटच्या मूळ घटकाच्या बाबतीत किती अवघड होतो ते पाहण्यासारखे आहे.

१९९८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे पॅट्रिशिया हंट या शास्त्रज्ञ उंदरांच्या बीजांडांवर काम करत होत्या. अचानक निरोगी गटातल्या उंदरांच्या बीजांडांतही गुणसूत्रांचे दोष वाढलेले दिसू लागले. शोध घेतल्यावर उलगडले की पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकीच्या, तीव्र अपमार्जकाने धुतल्या गेल्या होत्या. त्याने प्लॅस्टिकची झीज झाली आणि बीपीए सुटून उंदरांच्या पोटात गेले. हे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पॉलिकार्बोनेटमध्ये अडकून राहिलेला बीपीएच तेवढा बाहेर येतो असे नाही. उष्णता आणि अल्कधर्मी द्रव यांमुळे साखळीच तुटते आणि नवा बीपीए तयार होतो. घरातली जुनी, पांढुरकी पडलेली, बारीक चरे गेलेली कडक पारदर्शक बाटली बाद करावी असे म्हणतात, त्यामागे हे कारण आहे.

पुढे सुरक्षित मर्यादेचा प्रश्न आला. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने एप्रिल २०२३ मध्ये दैनंदिन सह्य मात्रा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे २०,००० पटीने कमी केली. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने याच्याशी असहमती दर्शवून २०० नॅनोग्रॅमची मर्यादा सुचवली. एकच रसायन, तेच उपलब्ध संशोधन, आणि दोन जाणकार संस्थांच्या निष्कर्षांत हजारपटीचा फरक. अशा वेळी ‘मात्रा अल्प आहे’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण अल्प म्हणजे किती यावरच एकमत झालेले नाही. सामान्य घराने घाबरून जाऊ नये, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. मात्र जो संपर्क विनासायास टाळता येतो, तो टाळायला एकमताची वाट पाहावी लागत नाही.

पारिजातक :

मी जर्मनीत राहते आणि बाळ सहा महिन्यांचे आहे. युरोपीय संघाने दूधबाटल्यांमध्ये पॉलिकार्बोनेट २०११ मध्येच बंद केले, आणि अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंमधील बीपीएवर सर्वसाधारण बंदी घालणारा नियम जानेवारी २०२५ मध्ये लागू झाला. भारतीय मानकातही २०१५ पासून दूधबाटली बीपीएमुक्त असावी असे आहे. तरीही पॉलिप्रोपिलीनच्या बाटलीत कढत पाण्यात दूध पावडर मिसळताना मन साशंक होते. यावर काही उपाय आहे का?

अबोली :

पारिजातक, आयर्लंडमधील ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये पॉलिप्रोपिलीनच्या दूधबाटल्यांचा अभ्यास केला तेव्हा एका लिटरमागे १.६२ कोटींपर्यंत सूक्ष्म कण आढळले, आणि पाणी जितके गरम तितके कण अधिक होते. त्यांनीच सुचवलेला मार्ग सोपा आहे. बाटली नेहमीप्रमाणे निर्जंतुक करावी, मग वेगळ्या प्लॅस्टिकविरहित भांड्यात उकळून थंड केलेल्या पाण्याने ती विसळून घ्यावी. पावडर काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात गरम पाण्यात मिसळावी आणि दूध कोमट झाल्यावर बाटलीत ओतावे. गरम पाणी आणि निर्जंतुकीकरण यांत मात्र काटछाट करू नये. जंतुसंसर्गाचा धोका तान्ह्या बाळासाठी तात्काळ आणि निश्चित असतो. काचेची बाटली हाताळणे जमत असेल तर उत्तमच.

दर्यावर्दी :

गोव्यातून लिहितो आहे. आमच्याकडे काजूची फेणी पूर्वी मोठ्या पोटाच्या काचेच्या बाटल्यांत ठेवत. आता भट्टीवरून ती प्लॅस्टिकच्या कॅनमधून येते आणि किरकोळ विक्री पाण्याच्या वापरलेल्या बाटल्यांतून होते. कोकणातल्या कोकमाच्या आगळाचेही तसेच. आंबट आणि खारट आगळ वर्षभर पाच-दहा लिटरच्या कॅनमध्ये असते. या दोन पदार्थांबद्दल जाणकारांचे मत काय?

मापनकाटा :

दर्यावर्दी, फेणीत साधारण ४० ते ४५ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे प्रयोगशाळेत आम्ही ५० टक्के इथेनॉल वापरतो त्या वर्गात ती मोडते. पाण्याची बाटली पाण्यासाठी तपासलेली असते. तिच्यात मद्य महिनोन् महिने राहणे हा तिच्या चाचणीबाहेरचा वापर आहे. पेट बनवताना अँटिमनीचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरतात आणि त्याचा अल्प अंश बाटलीत राहतो. बाटली उन्हात तापली, गाडीच्या डिकीत पडून राहिली, तर तो उतरण्याचा वेग वाढतो. म्हणून एक-दोन दिवसांच्या वाहतुकीपुरते प्लॅस्टिक चालेल, पण मुरवण्यासाठी आणि साठवणीसाठी काचच हवी.

आगळाच्या कॅनबाबत मला प्लॅस्टिकच्या जातीपेक्षा त्याच्या पूर्वायुष्याची काळजी अधिक वाटते. अशा कॅनचे जास्त घनतेचे पॉलिथिन आम्लाला आणि मिठाला चांगले टिकते. परंतु हेच पॉलिथिन त्यात आधी भरलेले द्रावक, कीटकनाशक किंवा सुगंधी द्रव्य शोषून घेते आणि पुढच्या पदार्थात सावकाश सोडत राहते. हळदीच्या उदाहरणातली दोन्ही बाजूंची ये-जा इथे खऱ्या अर्थाने घातक ठरते. भंगारातून आलेला निळा पिंप किंवा कॅन साबणाने कितीही धुतला तरी आत मुरलेले निघत नाही. वास येत नाही म्हणून तो स्वच्छ आहे, असे समजू नये. आगळासाठी, पाण्यासाठी, धान्यासाठी कॅन घ्यायचा तो नवा आणि अन्नासाठी म्हणून विकला जाणाराच घ्यावा. दहा लिटर आगळाच्या किमतीपुढे नव्या कॅनची किंमत फार नसते.

वाटसरू :

घरातले डबे आपण बदलू शकतो, पण कार्यालयाखालच्या टपरीवरून उकळता चहा पातळ पिशवीत बांधून येतो, आणि खानावळीतून आमटीही तशीच येते, त्याचे काय? महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे, तरी हे दृश्य रोजचे आहे. आमच्या कार्यालयात काहींनी कागदी कप आणले, म्हणून आम्ही निश्चिंत झालो होतो.

अबोली :

वाटसरू, कागदी कपाला आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो, एरवी त्यात चहा टिकलाच नसता. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये अशा कपांत ८५ ते ९० अंशांचे पाणी १५ मिनिटे ठेवले, तेव्हा १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५,००० सूक्ष्म कण आढळले. मेलामाईनच्या कपबश्यांचीही इथे नोंद घ्यावी लागेल. तैवानमधील काऊश्युंग येथील २०१३ च्या अभ्यासात मेलामाईनच्या वाडग्यातून गरम सूप घेतलेल्या लोकांच्या लघवीत बारा तासांत सरासरी ८.३५ मायक्रोग्रॅम मेलामाईन आढळले. तेच सूप चिनी मातीच्या वाडग्यातून घेतल्यावर १.३१ मायक्रोग्रॅम. कार्यालयात स्टीलचा थर्मास आणि काचेचे पेले ठेवणे हा यावर सर्वांत सोपा उपाय आहे. टपरीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपण किटली पुढे केली तर तो आनंदाने चहा तीत ओततो, त्याची पिशवीही वाचते.

नीलमोहर :

शेवटचा एक प्रश्न. मी लोणचे काचेच्या बरणीत भरते, पण झाकण पत्र्याचे आहे आणि त्याला आतून मऊ पांढरी कडी आहे. ती प्लॅस्टिकचीच ना?

मापनकाटा :

होय, अशा झाकणांची कडी बहुधा पीव्हीसीची असते आणि मऊ राहण्यासाठी तिच्यात मृदुकारक पदार्थ भरपूर प्रमाणात असतात. तेल त्या कडीला लागून राहिले तर ते पदार्थ तेलात उतरतात. युरोपात तेलात बुडवलेल्या भाज्यांच्या बरण्यांत हे पुन्हा पुन्हा आढळले आहे. बरणी गळ्यापर्यंत भरू नका, वर दोन बोटे जागा सोडा. ती उभीच ठेवा, फ्रिजमध्ये आडवी करू नका. कडी कडक झाली असेल किंवा तिला तेलाचा वास मुरला असेल तर झाकण बदला. काचेच्या झाकणाची किंवा दादरा बांधण्याची जुनी चिनी मातीची बरणी घरात असेल, तर वर्षाचे लोणचे तिच्यातच घालावे आणि रोजच्या वापरापुरते काढून घ्यावे.